मांजर ट्रेबाहेर लघवी का करते?

वर्षानुवर्षे नेमाने ट्रेमध्ये जाणारे मांजर एके दिवशी पलंगावरच्या गादीवर लघवी करून ठेवते आणि घरात पंचनामा सुरू होतो. काल जेवण उशिरा मिळाले म्हणून त्याने राग काढला, असे एक जण म्हणतो. पाहुणे आलेले त्याला रुचले नाहीत, असे दुसऱ्याचे मत पडते. गादी उन्हात जाते, मांजराचे नाक त्या जागी घासून त्याला एक चापट दिली जाते आणि प्रकरण मिटले असे समजले जाते. चार दिवसांनी पाळी सोफ्याची येते. दोन-तीन महिने हे चालले की ‘आता याला कुठेतरी सोडून या’ अशी भाषा घरात ऐकू येऊ लागते. पोत्यात घालून मासळीबाजाराच्या कडेला सोडलेल्या मांजरांत असे अपराधी पुष्कळ असतात. परदेशांतील प्राण्यांच्या आश्रयगृहांत मांजर आणून सोडणारे लोक जी कारणे सांगतात, त्यांतही ही तक्रार वरच्या क्रमांकाची आहे. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हे मात्र पोते उचलताना फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

मांजर सूड म्हणून लघवी करते, ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. लघवी ही घाण आहे आणि ती गादीवर केल्याने धन्याचा अपमान होतो, हा हिशेब माणसाचा आहे. मांजराला शिक्षेचा आणि तासाभरापूर्वीच्या कृत्याचा संबंध जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते की या घरात अधूनमधून मार बसतो. मग ते कपाटामागे किंवा पलंगाखाली जाऊन लघवी करू लागते आणि तक्रार होती त्याहून अवघड होऊन बसते.

मुळात मांजर हा ट्रेसाठी घडलेलाच प्राणी म्हणावा लागेल. आजच्या पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागून हे रानमांजर माणसाच्या वस्तीत आले, असे मानले जाते. या वाळवंटी पूर्वजाकडून मांजराला दोन गोष्टी मिळाल्या. मोकळी माती उकरून त्यात विसर्जन करण्याची ओढ ही पहिली. त्यामुळेच दीड-दोन महिन्यांच्या पिलालाही ट्रे कसा वापरावा, हे सहसा शिकवावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शक्य तितके पाणी राखून अतिशय दाट लघवी करणारी मूत्रपिंडे. मांजराला तहान कमी लागते, ते पाणी बेताने पिते आणि त्याच्या लघवीचा वास इतका उग्र असतो, त्याचे एक कारण हेच. अशा प्राण्याने ट्रे सोडला, तर त्याला काहीतरी खुपत आहे असे धरून शोध घ्यावा लागतो. हा शोध मांजराच्या शरीरापासून सुरू करणेच शहाणपणाचे असते.

आधी दवाखाना

लघवी करताना जळजळ किंवा वेदना झाली की मांजर त्या वेदनेचा दोष ट्रेला देते. ट्रेमध्ये गेले की दुखते, एवढाच अर्थ त्याच्या मनात ठसतो आणि ते गादी, पायपुसणे, धुण्याच्या कपड्यांचा ढीग अशा मऊ जागा शोधू लागते. कधी न्हाणीघरातील मोरीत किंवा वॉशबेसिनमध्ये लघवीचे चार थेंब दिसतात. थेंब गुलाबी असतील, तर त्यात रक्त आहे.

तरुण आणि मध्यमवयीन मांजरांमध्ये या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मूत्राशयाची अशी सूज, जिच्यामागे जंतू किंवा खडे सापडत नाहीत. माणसातील ‘युरिन इन्फेक्शन’ परिचयाचे असल्याने मांजरालाही तेच झाले असावे, असे घरात ठरवले जाते; प्रत्यक्षात तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचित आढळतो. ही सूज पुष्कळदा आठवडाभरात आपोआप ओसरते. साहजिकच त्या आठवड्यात जे औषध दिले गेले असेल, त्याला श्रेय मिळते, आणि पुढच्या महिन्यात त्रास उलटला की तेच औषध पुन्हा आणले जाते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकांनी या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा मांजरांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणाच अधिक संवेदनशील असते आणि घरातील परिस्थिती बदलली की मूत्राशयाचा त्रास कमी होतो, हे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. मांजराच्या दृष्टीने ताण म्हणजे काय, हे मात्र माणसाला सहज उमगत नाही. घराचे रंगकाम, भाड्याचे घर बदलणे, नवे बाळ, लग्नघरातील पाहुण्यांची वर्दळ, गणपतीतील ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके, एवढेच काय, बैठकीच्या खोलीतील सोफ्याची जागा बदलणे, हे सारे त्यात येते. दडून बसायला उंचावर एखादी जागा, जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि दिवसातून थोडा वेळ खेळ, एवढ्या साध्या गोष्टींनी बरेच साधते. त्याच्या जोडीला वेदनाशामक औषध लागते. ते पशुवैद्यकानेच द्यावे. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

पाण्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. लघवी दाट असली की तिच्यात क्षारांचे स्फटिक व पुढे खडे होण्याचा संभव वाढतो. बाजारातील कोरड्या खाद्यात पाण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के असते. ओल्या खाद्यात ते पाऊणशे टक्क्यांच्या वर जाते. उकडलेल्या मासळीचे अळणी पाणी जेवणात मिसळणे, पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून दूर व पसरट ठेवणे, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी असणे, हे उपाय स्वस्त आहेत. दूध हा पाण्याचा पर्याय नव्हे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही.

वय झालेल्या मांजराची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडाचा जुना विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असेल, तर लघवीचे प्रमाणच वाढते आणि ट्रे लवकर भरतो. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या मांजराला चार-पाच इंच उंच काठ ओलांडणे जड जाते. ते ट्रेपर्यंत येते आणि ट्रेशेजारी बसते. अशा वेळी रक्त-लघवीच्या तपासणीबरोबर ट्रेची एक बाजू कापून खाली केली, तरी फरक दिसतो.

बोक्याची लघवी अडली तर

या साऱ्या विषयात एकच गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी सकाळ होण्याची वाट पाहू नये. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मानाने लांब व अरुंद असतो. स्फटिक आणि चिकट स्राव यांचा बोळा त्यात अडकला की लघवी पूर्ण कोंडते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, बराच वेळ कुंथतो, ओरडतो, मूत्रद्वार सतत चाटतो. ट्रेमधील वाळू मात्र कोरडी राहते. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजले जाते. कुणी जवाचे पाणी देते. वाट बंद असताना लघवी वाढवणारे काही पाजणे म्हणजे भरलेल्या मूत्राशयावर अधिक भार टाकणे होय.

लघवी कोंडल्यावर मूत्रपिंडांवर दाब येतो आणि शरीराबाहेर जायचे पोटॅशियम रक्तात साठत जाते. पोटॅशियम एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाची लय बिघडते. उलट्या, खाणे बंद होणे, निपचित पडणे ही पुढची लक्षणे दिसू लागेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. पूर्ण अडथळा असलेला बोका साधारणपणे दोन-तीन दिवसांत दगावतो, कधी त्याहूनही लवकर. भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करणे आणि शिरेतून सलाइन देणे, हे काम दवाखान्यातच होते. सोय असलेला दवाखाना रात्री कुठे उघडा असतो, याची चौकशी मांजर ठणठणीत असतानाच करून ठेवलेली बरी. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय जुने व परिचित आहे. इतर शहरांत शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांचा आधार असतो.

ट्रेची तक्रार

तपासण्यांत काही निघाले नाही की मग ट्रेकडे पाहावे, आणि पाहताना मांजराच्या उंचीवरून पाहावे. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे माणसाच्या घरात मावावेत अशा बेताचे असतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी भरते, तिच्या दीडपट लांबीचा ट्रे असावा, असा संकेत आहे. मोठ्या बोक्यासाठी हे माप अडीच फुटांच्या आसपास जाते. तेवढा ट्रे मिळाला नाही तर प्लॅस्टिकचे पसरट घमेले किंवा कपडे ठेवण्याचे मोठे खोके एका बाजूने कापून वापरता येते. संख्येबाबतचा नियम असा, की घरात जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे अधिक. दोन खोल्यांच्या घरात तीन मांजरांसाठी चार ट्रे ठेवायचे म्हटले, तर माणसांनी कुठे राहावे, हा प्रश्न रास्त आहे. निदान दोन ट्रे दोन वेगळ्या खोल्यांत असावेत. शेजारी-शेजारी मांडलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात, कारण वाट अडवून बसलेला दांडगा बोका दोन्हींची वाट एकदमच अडवतो.

ट्रेमध्ये काय घालावे, याचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी सर्वत्र वाळू, चुलीतील राख किंवा लाकडाचा भुसा वापरत असत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४७ साली एडवर्ड लो या तरुण व्यावसायिकाने एका शेजारणीला राखेऐवजी दाणेदार शोषक माती देऊन पाहिली आणि त्यातून ‘किटी लिटर’चा धंदा उभा राहिला. लघवी पडताच गोळा होणारी बेन्टोनाइटची माती त्यानंतर, १९८० च्या दशकात आली. भारतात बेन्टोनाइटचे मोठे साठे गुजरातेत, मुख्यत्वे कच्छमध्ये आहेत. बहुतेक मांजरे बारीक कणांची, वास नसलेली, गोळा होणारी माती पसंत करतात. गुलाबाचा किंवा लव्हेंडरचा वास माणसाच्या नाकाच्या समाधानासाठी घातलेला असतो. मांजराला तो नकोसा होऊ शकतो.

बांधकामाची वाळू वापरणारी घरेही आहेत आणि मांजरे ती आनंदाने वापरतात. पण ती जड असते, लघवी शोषून घेत नाही व लवकर वास मारते. वाळू काय किंवा बेन्टोनाइट काय, शौचकुपात टाकल्यास नळ तुंबणार हे ठरलेलेच. वर्तमानपत्राचे तुकडे फुकट पडतात खरे, परंतु मांजर ज्या पृष्ठभागावर शिकते त्याचीच सवय धरते. रद्दीवर शिकलेले मांजर सकाळी दाराशी पडलेला ताजा अंक आणि रद्दी यांत भेद करीत नाही.

माती एकदम बदलणे हेही ट्रे सोडण्याचे कारण ठरते. नवी माती जुन्या मातीत थोडी थोडी मिसळत आठवडा-दोन आठवड्यांत बदल करावा. गोळे व विष्ठा दिवसातून एकदा, जमल्यास दोनदा काढावी आणि ट्रे वेळोवेळी साध्या साबणाने धुवावा. झाकणाच्या ट्रेबाबत सगळ्या मांजरांचे एकमत नाही. काहींना तो चालतो. मात्र आत वास कोंडतो आणि भित्र्या मांजराला बाहेर कोण टपून बसले आहे हे दिसत नाही. खात्री नसेल तर झाकणाचा व उघडा असे दोन्ही ट्रे ठेवून मांजरालाच निवड करू द्यावी.

जागेची निवड शहरी घरात सर्वांत कठीण. ट्रे ठेवला जातो तो वॉशिंग मशिनशेजारी, न्हाणीघरात किंवा बाल्कनीत. मशिन अचानक गरगरू लागले की मांजर उडी मारून पळते व पुन्हा तिकडे फिरकत नाही. न्हाणीघराची फरशी ओली असते आणि कुणी आंघोळीला गेले की दार बंद. बाल्कनीतील ट्रे जूनपासून पावसाच्या झडीने भिजतो, आणि दरवर्षी पावसाळ्यातच मांजर बिघडते असे घरच्यांना वाटत राहते. शांत, कोरडी, चोवीस तास उघडी आणि जेवणाच्या वाटीपासून दूर अशी एखादी जागा बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यातच निघत असेल, तर तेथे ट्रे ठेवण्याची तयारी असावी.

फवारणी वेगळी

मांजर बसून, पसरट जागेवर, भरपूर लघवी करते की उभ्याने भिंतीवर थोडी उडवते, हे नीट पाहणे आवश्यक आहे. कारण दुसऱ्या प्रकारात ट्रेचा दोष नसतो. फवारणी करणारे मांजर भिंत, दार किंवा पडद्याकडे पाठ करून उभे राहते, शेपूट ताठ उभारून थरथरवते आणि मागे बारीक धार सोडते. ही हद्दीची खूण आहे. अखंड बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. ते ताजे असताना फारसे जाणवत नाही. विघटन होऊ लागले की बोक्याचा तो ओळखीचा, जिन्यापर्यंत पोहोचणारा दर्प पसरतो.

यावर पहिला उपाय निर्बीजीकरण. वयात येण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या बोक्यांपैकी सुमारे दहा टक्के आणि मांजरींपैकी सुमारे पाच टक्केच पुढे फवारणी करतात. मांजरीही फवारतात, याचे अनेकांना नवल वाटते. शस्त्रक्रियेनंतरही प्रकार थांबला नाही, तर फवारलेल्या जागांचा नकाशा मनाशी काढावा. खिडक्या आणि बाहेरचे दार यांच्या आसपासच खुणा असतील, तर सोसायटीच्या आवारातील एखादा बोका ग्रिलवर येऊन बसत असणार. खिडकीच्या खालच्या भागावर अपारदर्शक कागद लावल्याने व बाहेर ठेवले जाणारे खाद्य तेथून दूर हलवल्याने फरक पडतो. खुणा घराच्या मधोमध असतील, तर घरातल्या मांजरांचेच आपसात बिनसले आहे असे समजावे. त्यांची जेवणे, पाणी आणि झोपण्याच्या जागा वेगळ्या कराव्या लागतात. एवढे करूनही न भागल्यास पशुवैद्यक फ्लुओक्सेटिनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

फिनेल नको

डाग पुसण्याच्या पद्धतीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. माणसाच्या नाकाला वास गेला असे वाटले, तरी मांजराच्या नाकाला तो राहतो आणि ती जागा त्याला ट्रेसारखीच वाटते. अशा वेळी आपल्याकडे हात जातो तो फिनेलच्या बाटलीकडे. फिनॉलवर्गीय द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरात फारच कमी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. पाण्यात ओतताच दुधाळ होणारी जंतुनाशके मांजराच्या घरात टाळलेलीच बरी. कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवून मांजराला दूर राखण्याचा घरगुती उपायही त्याच्या जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या द्रावणांचा वास तर लघवीशीच मिळताजुळता. आणि लघवीवर ब्लीच ओतल्यास घशाला झोंबणारा वायू तयार होतो.

ताजी लघवी प्रथम कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी, घासू नये. नंतर एन्झाइमयुक्त धुण्याची पावडर पाण्यात विरघळवून त्या जागी लावावी, काही वेळ राहू द्यावी, स्वच्छ पाण्याने पुसावे आणि वाळल्यावर स्पिरिटचा हात फिरवावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत खास एन्झाइम द्रावणेही मिळतात. जुने डाग सापडत नसतील, तर अंधारात अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी फिरवल्यास ते चमकतात. लघवी आत मुरलेल्या फोमच्या गादीवर फार मेहनत घेण्यात अर्थ नाही; कापसाची असेल तर कापूस उन्हात वाळवून पिंजून घेता येतो आणि खोळ नवी शिवता येते.

घरात बाळ येणार असल्याची बातमी कळली की मांजराला बाहेरची वाट दाखवण्याचा आग्रह धरणारे वडीलधारे असतातच. त्यांच्या मनात असतो तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. तो लघवीतून पसरत नाही, विष्ठेतून पसरतो. विष्ठा बाहेर पडल्यावर त्याला संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. गर्भवती स्त्रीने ट्रे स्वतः साफ करू नये, घरातील दुसऱ्या कुणी तो रोजच्या रोज साफ करावा, भाज्या नीट धुवाव्यात आणि मटण अर्धेकच्चे खाऊ नये, एवढी काळजी घेतल्यास मांजर घरात राहू शकते.

कारण सापडून ते दूर झाले, तरी गादीची सवय लगेच सुटत नाही. अशा मांजराला काही दिवस एका लहान खोलीत ठेवावे. तेथे एका कोपऱ्यात मोठा स्वच्छ ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात जेवण-पाणी आणि झोपायला एखादे खोके असावे. घरातल्यांनी अधूनमधून जाऊन त्याच्याशी खेळावे, म्हणजे त्याला ती कोठडी वाटणार नाही. आठवडाभर ट्रेचा वापर बिनचूक झाला की आणखी एक खोली खुली करावी आणि काही दिवस पाहावे. कुठे चूक झालीच, तर न रागावता एक पाऊल मागे यावे. पलंगाची खोली सर्वांत शेवटी उघडावी, आणि तीही सुरुवातीला कुणी घरात असतानाच.